बाग कुणाच्या खात्यावर?

देवपूजेसाठी दुसऱ्याच्या कुंपणातलं फूल तोडलं तर ती चोरी होत नाही, असा एक कायदा आपल्याकडे आहे. तो कुठल्या पुस्तकात छापलेला नाही, पण छापील कायद्यांपेक्षा जास्त पाळला जातो. माझ्या आजीनं तो पाळला, आईनं पाळला आणि बी.कॉम. होऊन बँकेत चिकटल्यावर मीही नेमानं पाळत आलो. आता खाजगी कुंपण म्हटलं की पलीकडे कुणीतरी माणूस असतो, कधीकधी त्याचा कुत्राही असतो. सार्वजनिक बागेचं तसं नाही. तिथं दुसरा कुणी नसतोच, सगळे आपणच असतो. त्यामुळे सार्वजनिक बागेतली जास्वंद तोडताना माझ्या मनाला कधी टोचणी लागली नाही. एकदा गुलाब तोडताना लागली, पण ती बोटाला.

मी मूळचा नागोठण्याचा. मुंबईहून गोव्याला जाताना पेण आणि वडखळ मागं टाकलं की आमचं गाव येतं. तालुका रोहा. रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्याच तालुक्यानं पुढं बँकिंग क्षेत्राला मला दिलं. एकाच तालुक्याला दोन टोकं गाठता आली, याचं मला कौतुक वाटतं.

लहानपणी आमच्यासाठी ‘बाग’ म्हणजे कुणाची तरी आंब्या-नारळाची वाडी. तिच्यात शिरण्यात जी मजा होती ती राखणदार असल्यामुळेच होती. आणि मैदान म्हणजे कापणी झालेलं भाताचं खाचर. पाऊसपाण्याचे महिने ते भाताचं, भात घरी गेलं की आमचं. भाताचे सड उपटायचे, ढेकळं फोडायची, घरातून आईच्या नकळत चोपणं पळवून आणायचं आणि धुळीनं माखेपर्यंत पिच चोपायचं. खाचराच्या मालकाची एकच अट असे, बांध तुडवायचा नाही. बांधावरून पळून चोरटी धाव काढणारा गडी आमच्यात बाद धरला जाई. क्रिकेटच्या अधिकृत नियमांत ही तरतूद नाही, पण अधिकृत नियम करणाऱ्यांना भात लावायचं नव्हतं.

खरीखुरी सार्वजनिक बाग मी प्रथम पाहिली ती शाळेच्या मुंबई सहलीत. १८६२ साली लोकांसाठी उघडलेली भायखळ्याची राणीची बाग आणि मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट. बुटात चढून खाली बघताना मी गुरुजींना विचारलं, “गुरुजी, हे कुणाचं?” गुरुजी पंचेचाळीस मुलं मोजत होते. मोजणी न थांबवता ते म्हणाले, “सगळ्यांचं. एकतीस, बत्तीस, खाली उतर, तेहतीस.” मोठेपणी आपण ज्या प्रश्नांवर डोकं फोडतो, त्यांची उत्तरं आपल्याला लहानपणी अशीच घाईत देऊन ठेवलेली असतात.

दहा वर्षांपूर्वी माझी बदली एका लहानशा नगरपालिकेच्या गावी झाली. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या शाखेत अजून माझी एक एफ.डी. आहे. आमच्या कॉलनीसमोरच बाग होती. तिच्यात एक कारंजं होतं, त्यातून पाणी सोडून बाकी सगळं निघे. एक घसरगुंडी, चार झोके, सहा बाकं, आणि उद्घाटनाची एक संगमरवरी पाटी. पाटीवर इतकी नावं होती की प्रत्येकानं एकेक झाड लावलं असतं तर ऊन आत यायला वाट उरली नसती. शिवाय एक माळी होते. त्यांना सगळे माळीमामा म्हणत.

एके दिवशी सकाळी सहा वाजता पिशवीत जास्वंदी भरताना माळीमामांनी मला गाठलं.

“किती झाली, साहेब?”

“सहा. देवासाठी हो.”

“देवाला माझं काही म्हणणं नाही. बाग कुणाची?”

“सगळ्यांची,” मी गुरुजींचं उत्तर दिलं.

“गावात माणसं किती?”

“असतील वीसेक हजार.”

“आणि या झाडाला फुलं येतात दिवसाला बारा. तुम्ही बँकेतले. तुमचा वाटा तेवढा काढून सांगा मला.”

मी हसत घरी आलो, पण आकडा समोर आला की तो सोडवल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. बारा फुलं, वीस हजार वाटेकरी. माझ्या वाट्याची सहा फुलं जमायला दहा हजार दिवस लागतात, म्हणजे सत्तावीस वर्षं आणि साडेचार महिने. एवढी उचल मी एका सकाळी, तारणाशिवाय केली होती.

बँकेत जॉईंट अकाउंट नावाचा प्रकार असतो. त्यात ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ ही सोय घेतली की दोघांपैकी कुणीही एकट्याच्या सहीनं पैसे काढू शकतो. नवरा-बायकोच्या खात्यात ते ठीक चालतं, कारण काढणाऱ्याला संध्याकाळी घरीच जायचं असतं. पण अख्ख्या गावाचं एक जॉईंट अकाउंट उघडलं तर? काढायला प्रत्येकजण मुखत्यार, भरायचं मात्र स्लिपबुक कुणी मागत नाही. सार्वजनिक बाग म्हणजे हे खातं. गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९६८ साली याच गोष्टीवर एक गाजलेला लेख लिहिला. गायरान सगळ्यांचं असलं की जो तो आपलं एकेक गुरू वाढवत जातो आणि शेवटी गायरान उजाड होतं, असं त्याचं म्हणणं. त्याला जे गुरांत दिसलं, ते मला माझ्या पिशवीत दिसलं.

इथवर हा विनोदाचा विषय होता. पुढचं सांगताना मला अजून थोडं अवघडल्यासारखं होतं.

त्याच महिन्यात एका शनिवारी मी लेकीला घेऊन बागेत गेलो. ती तेव्हा सहा वर्षांची. तिसऱ्या झोक्यावर बसवताना वर बघितलं, तर साखळीचा बोल्ट गंजलेला आणि नट अर्धा बाहेर आलेला. मी बापाचं कर्तव्य चोख बजावलं. लेकीला उचललं आणि चौथ्या झोक्यावर बसवलं. घरी येऊन सौभाग्यवतींना म्हणालो, “बागेतला झोका पडायला झालाय. कुणाचं लक्ष नाही बघ.” आणि जेवायला बसलो.

पुढच्या बुधवारी आमच्या शाखेत कॅश टॅली होईना. दहा रुपयांचा फरक. बँकेत फरक लागला की माणूस घरी जात नाही, मग तो दहा लाखांचा असो की दहा रुपयांचा. हेडकॅशियरनं बंडलं पुन्हा मोजली, मी स्लिपा पुन्हा तपासल्या, शिपायानं केराची टोपली उलटी केली. रात्री साडेआठला कपाटाखाली दहाचं नाणं सापडलं. आम्ही एकमेकांचे हात हातात घेतले. त्या आनंदात घरी आलो, तर जिन्यात माणसं उभी. समोरच्या ब्लॉकमधला सात वर्षांचा मुलगा तिसऱ्या झोक्यावरून पडला होता. मनगट मोडलं होतं. डोकं थोडक्यात वाचलं होतं.

रात्री बागेच्या बाकावर सभा भरली. निवृत्त हेडमास्तर म्हणाले, “मी परवाच पाहिलं होतं.” एल.आय.सी.तले गृहस्थ म्हणाले, “मी तर गुरुवारीच म्हणालो होतो.” कुणाला म्हणालात, असं विचारल्यावर कळलं की प्रत्येकजण आपापल्या बायकोला म्हणाला होता. कॉलनीतल्या अकरा बायकांना त्या झोक्याची संपूर्ण माहिती होती. आमच्या सौ. म्हणाल्या, “मला सांगून काय झोका दुरुस्त होणार होता?” बरोबरच होतं. फक्त माळीमामांनी योग्य जागी सांगितलं होतं, तेही तीनदा. पण तोंडी सांगितलेल्याला आवक नंबर पडत नाही.

बँकेच्या वह्यांत सस्पेन्स खातं म्हणून एक खातं असतं. जी रक्कम कुणाच्या नावे टाकावी हे कळत नाही, ती तात्पुरती त्यात टाकतात. ऑडिटर आला की पहिलं बोट त्या खात्यावर ठेवतो आणि विचारतो, “ही एंट्री किती दिवसांची?” मी तो बोल्ट शनिवारी सस्पेन्सला टाकला होता. एंट्री चार दिवसांची झाली आणि त्या मुलानं ती भरली. दहा रुपयांसाठी साडेआठपर्यंत थांबणारा मी, बोल्टसाठी पाच मिनिटं थांबलो नव्हतो. कारण सरळ होतं. दहा रुपये सापडले नसते तर ते आमच्या खिशातून गेले असते.

दोन दिवसांनी मी त्या मुलाला बघायला गेलो. प्लास्टरवर कॉलनीतल्या पोरांनी सह्या केल्या होत्या. त्यानं मला पेन दिलं. “काका, तुम्ही पण करा ना.” दिवसाला शंभर सह्या करणारा माणूस मी. माझी सही त्या दिवशी माझ्याच नमुना सहीशी जुळली नसती.

त्या रात्री मला आजोळ आठवलं. माझं आजोळ पेणच्या खारेपाटात. तिथली भातशेती म्हणजे खाडीच्या उरावर बसलेली. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला भरतीचं खारं पाणी, आणि मध्ये मातीचा बांध. हे बांध शेतकरी मिळून राखत. त्या एकत्र मेहनतीला ‘जोळ’ म्हणत. आजोबा संध्याकाळी बांधावर फेरी मारायचे. खेकड्याचं बीळ दिसलं की आधी हाक आणि मग चिखलाचा गोळा. ते बीळ कुणाच्या हद्दीत आहे हे कुणी विचारत नसे, कारण एकदा बांधाला खांड पडली की खारं पाणी सातबारा वाचून शेतात शिरत नाही. पुढं बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली आणि फुटक्या बांधांच्या बातम्या पेपरात येऊ लागल्या. खेकडे तेच राहिले, त्यांची बिळं बघणारी नजर तेवढी दुसऱ्याच्या भरवशावर गेली. हार्डिनसाहेबांना आमचा खारेपाट कुणी दाखवला नसावा. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी मात्र जगभरातली अशी समाईक पाटबंधाऱ्यांची, कुरणांची, मासेमारीची उदाहरणं तपासली आणि दाखवलं, की वापरणारे स्वतः नियम करून पाळत असले तर समाईक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या विषयात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

तरी आजोबांना मी उगाच संत करणार नाही. बीळ बुजवलं नाही तर त्यांचंच भात करपणार होतं. माझं बागेत काय करपणार होतं? माझी लेक चौथ्या झोक्यावर होती. खरा पेच इथं आहे. ज्या बांधाआड आपलं शेत नाही, त्याचं बीळ माणसानं का बुजवावं?

हेडमास्तरांनी यावर उपाय काढला. बाग कॉलनीनं दत्तक घ्यावी. वर्गणी काढू, झोके नवे बसवू, कुंपण घालू, फाटकाला कुलूप लावू आणि घरटी एक ओळखपत्र देऊ. सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. ठराव लिहायला वही माझ्याच मांडीवर होती. कुणीतरी पुस्ती जोडली, “म्हणजे वाडीतली पोरं यायची बंद होतील. तीच मोडतात सगळं.” गावाबाहेर कातकरी वाडी होती. तिथली सहा-सात पोरं दुपारच्या उन्हात, बाग रिकामी असताना झोके घ्यायला येत.

माळीमामा बाजूला नळी गुंडाळत होते. म्हणाले, “बोल्ट गंजला होता, साहेब. पोरांनी मोडला असता तर चकाकता तुटला असता.” आणि जरा थांबून म्हणाले, “ती पोरं मग झुलायची कुठं?”

यावर कुणी काही बोललं नाही. मला आमचं खाचर आठवलं. खाचराच्या मालकानं ओळखपत्र मागितलं असतं तर आमच्यातल्या निम्म्यांना बॅट कशी धरतात हे कळलं नसतं.

दत्तक देण्यातली मेख मुंबईनं पाहून झाली आहे. तिथं मोकळे भूखंड सांभाळण्यासाठी संस्थांना दिले गेले. काहींनी ते छान सांभाळले, काहींनी इतके छान सांभाळले की त्यावर क्लब उभे राहिले आणि ज्यांचं मैदान त्यांनाच आत जायला सभासद व्हावं लागू लागलं. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेनं पुन्हा तसं धोरण मंजूर केलं, तेव्हा एवढा गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. बेंगळुरूत तर त्याहून कठीण प्रसंग आला होता. बागेसाठी राखलेली जागा एका खाजगी संस्थेला इस्पितळासाठी देण्यात आली. रहिवासी भांडले. इस्पितळापुढं बागेची काय प्रतिष्ठा, असं आपल्याला वाटेल. पण १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल बागेच्या बाजूनं दिला. इस्पितळ दुसरीकडे होऊ शकतं, पण मोकळी जागा एकदा गेली की ती परत कुठून आणणार?

कुणाचीच नाही म्हटलं की बाग मोडते आणि कुणाची तरी म्हटलं की तिला कुलूप लागतं. या दोहोंमधून वाट काढायला आमच्या सभेला चार संध्याकाळी आणि अडीच किलो शेंगदाणे लागले. ठरलं ते फार थोर नव्हतं. मालकी नगरपालिकेकडेच राहावी, पहारा आमचा. फाटक उघडं. दर रविवारी दोघांनी माळीमामांबरोबर फेरी मारायची, झोके हलवून बघायचे, फाटकाला बांधलेल्या वहीत लिहायचं आणि सोमवारी ते अर्जावर उतरवून पालिकेच्या आवक नंबरासह परत आणायचं. हे शेवटचं काम माझ्याकडे आलं, कारण अर्ज परत कसा पाठवतात याचा अनुभव सभेत सर्वांत जास्त मला होता.

वहीतली पहिली नोंद अशी होती: ‘दुसऱ्या बाकावर रोज एक गृहस्थ घोरतात.’ गृहस्थांनी खाली उत्तर लिहिलं होतं: ‘घरी झोप येत नाही.’ दोन महिन्यांत रविवारच्या फेरीची माणसं बावीसवरून पाचवर आली. पण पाचाचा कोरम होतो. कारंजं शेवटपर्यंत सुरू झालं नाही. झोके मात्र वर्षभरात एकदाही तुटले नाहीत.

आणि एक दिवस, महिन्याच्या सात तारखेला, पेन्शनरांची रांग दारापर्यंत गेलेली असताना माझ्या काउंटरच्या काचेखाली दोन काळेभोर डोळे आले. अनवाणी पाय, हातात टोकन. वाडीतला पोरगा होता. यंत्राचं बटण दाबून त्यानं टोकन घेतलं होतं आणि पाऊण तास रांगेत उभा होता.

“काय रे?” मी विचारलं.

“काका, पयल्या झोक्याचा नट सुटलाय. मी बारक्यांना बसून नाय दिला.”

त्याच्यामागं उभ्या असलेल्या पेन्शनर आजोबांनी विचारलं, “हा काय व्यवहार?” मी म्हटलं, “डिपॉझिट आहे, आजोबा.” त्या पोराच्या बापाच्या नावावर त्या गावात एक गुंठा जमीन नव्हती, आणि बागेच्या संगमरवरी पाटीवर तर त्याचं नाव कधीच येणार नव्हतं. पण त्यानं बीळ पाहिल्याबरोबर हाक दिली होती. माझ्या पेचाचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही. ते टोकन नंबर त्रेचाळीसनं काउंटरवर आणून दिलं. मी ते टोकन परत यंत्राकडे टाकलं नाही, अजून माझ्या पाकिटात आहे.

त्या दिवशी कॅश टॅली झाल्या झाल्या मी पाना घेऊन बागेत गेलो. पान्याची कुठली बाजू कुठं लावायची हे मला बी.कॉम.ला शिकवलेलं नव्हतं. त्या पोरानं शिकवलं.

आता मी पुन्हा नागोठण्याला आलो आहे. खिडकीत कुंडी आहे, तिला जास्वंदीचं दिवसाआड एक फूल येतं. देवानं अजून तक्रार केलेली नाही. तिकडची उचल मात्र फिटायची आहे. हिशेबानं त्या बागेतलं पुढचं फूल माझ्या वाट्याला यायला अजून सतरा वर्षं आहेत.